राजा, राणी, गुलाम : पत्त्यांतील दिखाऊ भांडवल

व्यापाऱ्याचे खरे शिक्षण वानगीवर होते. सोयाबीनचे पोते उघडले म्हणजे मुरलेला आडत्या वरच्या थरातील पिवळ्याधमक दाण्यावर भाळून जात नाही. तो हात खोल घालतो, तळचा दाणा वर काढतो, दाताखाली धरून ओलावा अजमावतो, माती-कचरा किती याचा अंदाज घेतो आणि मगच भाव बोलतो. गव्हाचे तेच, कापसाचे तेच, सोन्याचेही तेच. धार आणि देवास येथील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करीत आलेल्या आपल्या समाजाची ही दृष्टी म्हणजे वाडवडिलांनी ठेवलेली मोठीच ठेव होय.

परंतु मौज अशी की, हाच चोखंदळ मनुष्य दिवाळीच्या रात्री पत्त्यांच्या डावाला बसला आणि त्याच्या हाती एक राजा व एक राणी आली, की त्याची मुद्रा एकदम खुलते. पानांवर मुकुट आहेत, जरीचे अंगरखे आहेत, रंगांची आरास आहे. तेव्हा माल उत्तमच असणार, असे त्याचे मन ठरवून टाकते. येथे तो हात खोल घालीत नाही, तळचा दाणा काढीत नाही आणि ओलावाही पाहत नाही. दुकानात जी चूक त्याने आयुष्यात केली नसती, ती तो डावावर एका क्षणात करून बसतो. ही विसंगती का घडते, हे पाहणे हाच या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पत्त्यांचा डाव कसा जिंकावा हे सांगण्याचा येथे हेतू नाही. आपल्या धर्माने सप्तव्यसनांत द्यूताचे नाव अगदी प्रथम घेतले आहे, ते काही अकारण नव्हे. परंतु व्यसनाला नुसते वाईट म्हटल्याने ते दूर होत नाही. त्याचे आकर्षण कोठे दडलेले असते हे उघड करून दाखवावे लागते. गेल्या काही वर्षांत पोकर हा परदेशी खेळ भ्रमणध्वनीच्या वाटेने घराघरांत शिरला. पूर्वी जुगाराच्या अड्ड्याची पायरी चढताना माणूस चार वेळा मागे वळून पाहत असे. आता तीच पायरी उशाशी येऊन बसल्याने, या प्रश्नाचा विचार पेढीच्या भांडवलाचा विचार म्हणूनच करणे भाग आहे.

राजाला प्रतिष्ठा कोठून आली?

चित्राच्या पानांविषयी आपल्या मनात जो आदर असतो, त्याचे मूळ जुन्या खेळांत आहे. आपल्या देशात इंग्रजी पत्त्यांपूर्वी गंजिफा खेळला जात असे. बाबराने सिंधच्या शाह हसन यास गंजिफाची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात १५२७ सालची आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध असून तेथील चितारी ती वाटोळी पाने हाताने रंगवीत आले आहेत. या गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी एकूण १२० पाने असतात. प्रत्येक रंगात चित्रे दोनच, राजा आणि प्रधान. बाकीची १० पाने अंकांची. अंकांचा मान मोठा मजेदार असतो. पाच रंगांत दश्शी मोठी मानतात, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. परंतु रंग कोणताही असो, राजा हा राजाच. त्याच्या रंगात त्याच्यावर कोणाचीही सत्ता चालत नाही.

इंग्रजी ५२ पाने आल्यावर उतारीच्या खेळांत हाच संस्कार पुढे चालू राहिला. पाच-तीन-दोन असो, सात-आठ असो, की मेंढीकोट असो, हातात राजा-राणी असल्या म्हणजे दोन हात अधिक होणार, हे लहान मुलालाही कळते. या खेळांत पानाचे बळ पानातच असते आणि राजाला कोणाच्या सोबतीची गरज पडत नाही.

मात्र आपल्याच घरातील दुसरा एक खेळ याच्या नेमका उलट धडा देतो. रमीत राजा, राणी व गुलाम यांपैकी प्रत्येकाचे १० गुण मोजले जातात, आणि हे गुण हरणाऱ्याच्या माथी बसतात. न जुळलेली तीन चित्रे हातात असताना दुसऱ्याने डाव लावला, की एकदम ३० गुणांचा बोजा पडतो. म्हणून जाणती गृहिणी रमी खेळताना सुटी चित्रे फार वेळ जवळ बाळगीत नाही. जी चित्रे जुळत नाहीत ती शोभेची असली तरी देणे आहे, हे तिने अनुभवाने ओळखलेले असते. पुढील विवेचनात तिची ही समजूत आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

तीन पत्तीची सवय आणि पोकरचा हिशेब

दिवाळीत सर्रास खेळली जाणारी तीन पत्ती घेऊ. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० निरनिराळे संच होतात. त्यांतील १६,४४० संचांत, म्हणजे शंभरातील सुमारे ७४ वेळा, जोडीसुद्धा नसते. आता ज्या संचातील तिन्ही पाने चित्राची आहेत असे संच किती? केवळ २२०. परंतु या २२० संचांचे एक वैशिष्ट्य आहे. राजा, राणी, गुलाम अशा चित्रांच्या जाती तीनच असल्याने तीन चित्रे हाती आली की तीन सारखी पाने, क्रम अथवा जोडी, यांपैकी काही तरी जुळलेच पाहिजे. मोजून पाहिल्यास त्यांत तीन सारख्या पानांचे १२, गुलाम-राणी-राजा या क्रमाचे ६४ आणि जोडीचे १४४ संच निघतात. बेरीज २२० बरोबर येते. सारांश, तीन पत्तीत ‘सगळी चित्रे आली’ म्हणून हर्ष झाला तर तो अगदीच निराधार नव्हे. मात्र असा योग शंभर डावांत एखाद्याच वेळी येतो.

हाच संस्कार घेऊन मनुष्य पोकरकडे वळतो आणि तेथे फसतो. हा खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीच्या परिसरात वाढला. आरंभी तो २० पानांनीच खेळत असत. एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी एवढीच पाने, आणि प्रत्येकी पाच याप्रमाणे चौघांत ती सर्व वाटून संपत. पुढे ५२ पाने आली. आज जो प्रकार जगभर खेळतात त्यात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि मेजावर क्रमाक्रमाने पाच पाने उघडी मांडली जातात. ती सर्वांची सामाईक. हातची दोन व मेजावरची पाच मिळून सातांतून उत्तम अशी पाच पाने ज्याची, त्याचा डाव. मेजावरचे एकही पान उघडण्यापूर्वी, केवळ हातच्या दोन पानांवर, पैसे लावावयाचे की पाने टाकून द्यावयाची, हा पहिला निर्णय करावा लागतो. खेळाडूच्या शहाणपणाची पहिली परीक्षा येथेच होते.

५२ पानांतून दोन पानांचे १,३२६ संच होतात. त्यांपैकी दोन्ही पाने चित्राची असलेले संच ६६, म्हणजे साधारण २० डावांत एकदा. दोहोंपैकी निदान एक तरी चित्र असलेले संच मात्र ५४६, म्हणजे शंभरात ४१. यास्तव चित्र दिसणे ही काही अपूर्व घटना नव्हे. पाच डावांतील दोन डावांत ते कोणालाही दिसते. आता त्या ६६ संचांचा तळ पाहू. राजांची, राण्यांची किंवा गुलामांची जोडी असलेले संच १८. राहिलेल्या ४८ संचांत राजा-राणी, राजा-गुलाम अथवा राणी-गुलाम अशी विजोड चित्रे. त्यांतही एकाच रंगाचे १२ आणि भिन्न रंगांचे ३६. तीन पत्तीत तीन चित्रांना जोडीची खात्री होती. येथे दोन चित्रांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळा हातात जुळलेले असे काहीच नसते. मुकुट दोन आहेत, पण दोघेही एकमेकांना परके.

मेजावर पहिली तीन पाने उघडली म्हणजे त्यांत आपल्या दोहोंपैकी एखाद्याचा जोडीदार निघण्याचा संभव शंभरात सुमारे ३२. म्हणजे तीन वेळांतून दोन वेळा राजा-राणी हातात असूनही काही जुळत नाही आणि लावलेला पैसा सोडून उठावे लागते. येथवर राजा-राणीची अवस्था सत्ती-अठ्ठीहून फारशी वेगळी नाही. फरक एवढाच की सत्ती-अठ्ठी टाकताना कोणाला वाईट वाटत नाही.

मोठ्या पेढीसमोर तोच माल

एवढ्यावर हे थांबते तर नुकसान मर्यादित राहिले असते. खरा धोका पुढे आहे, आणि तो राजा जुळल्यावर निर्माण होतो. समजा, आपल्या हाती राजा-राणी आहे आणि समोरच्याच्या हाती एक्का-राजा. मेजावर राजा उघडला. आपला आनंद गगनात मावत नाही, कारण आपल्यापाशी राजांची जोडी झाली. परंतु त्याच्यापाशीही तीच जोडी झाली, आणि तिच्या पाठीशी एक्का उभा आहे. या अवस्थेत आपल्याला तारण्यास उरलेल्या तीन राण्यांपैकी एखादीच यावी लागते; पुढच्या दोन पानांत ती येण्याचा संभव शंभरात जेमतेम १३. डाव आरंभापासून मोजला तरी एक्का-राजापुढे राजा-राणी चार वेळांतून एकदाच टिकते. काही न जुळता हरला तो थोडक्यात सुटतो. जुळूनही हरला त्याचे भांडवल बुडते, कारण तो विश्वासाने पैसे वाढवीत गेलेला असतो.

व्यापाऱ्याला हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच पेठेत, एकाच जातीचा माल घेऊन दोन दुकाने उभी राहिली आणि त्यांतील एकाच्या पाठीशी मोठी रोकड व जुनी पत असली, तर भाव चढतानाही दुसऱ्याची ओढाताण होते. माल वाईट नसतो. परंतु तसलाच माल अधिक बळकट हाती आहे, हे त्याला उशिरा कळते. पोकरच्या जाणत्या खेळाडूंनी राजा-गुलाम, राणी-गुलाम या भिन्न रंगांच्या पानांची गणना ‘त्रासदायक’ पानांत केली आहे, ती याच कारणाने. सर्वांत हलकी पाने कोणी खेळत नाही, म्हणून ती कोणाला बुडवीत नाहीत. मधली, बरी दिसणारी पानेच घात करतात.

न्यायाने असेही म्हटले पाहिजे की राजा-राणी ही पाने टाकाऊ नव्हेत. समोर एकच गडी असेल तर ती चांगलीच आहेत. कारण त्या एकट्या गड्यापाशी एक्का असण्याचा संभव शंभरात सुमारे १५ ते १६. परंतु मेजावर आपल्याखेरीज नऊ जण बसले असतील, तर त्यांपैकी कोणा ना कोणापाशी एक्का असण्याचा संभव शंभरात ८४ वर जातो. पाने तीच, चित्रे तीच, मुकुट तेच. केवळ भोवतालची माणसे वाढली आणि मालाचा भाव उतरला. स्याद्वादाचे बाळकडू मिळालेल्या आपल्या समाजास हे नवे वाटू नये. वस्तूविषयीचे कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे पाहिल्यावाचून ते पुरे होत नाही. ‘राजा मोठा’ हे विधान गंजिफेच्या अपेक्षेने खरे, रमीच्या अपेक्षेने विपरीत, आणि पोकरमध्ये समोर किती जण आहेत व त्यांच्यापाशी काय आहे यावर अवलंबून. चित्राकडे पाहून जो भाव ठरवितो, तो एकांगी दृष्टीच्या आहारी गेलेला असतो.

धारानगरीच्या पंडिताचे निदान

मग हे गणित शिकून घेतले आणि संयमाने खेळले, तर काय बिघडले, असा प्रश्न तरुण पिढी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळणे योग्य नव्हे. सुदैवाने या प्रश्नाचा विचार आपल्याच भूमीत सात-आठ शतकांपूर्वी अत्यंत सूक्ष्मपणे झालेला आहे.

परमार राजांच्या काळी धारानगरी हे जैन विद्येचे मोठे पीठ होते. मुंजराजाच्या कारकीर्दीत आचार्य अमितगतींनी विक्रम संवत् १०५० मध्ये ‘सुभाषितरत्नसंदोह’ रचला. त्यात द्यूतनिषेधाला एक स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी पंडित आशाधर धारेस आले. त्यांचे मूळ ठिकाण मांडलगढ, ज्ञाती बघेरवाल, शहाबुद्दीन घोरीच्या स्वारीमुळे कुटुंबासह देश सोडून ते माळव्यात आले, धारेत शास्त्राध्ययन केले आणि पुढे धार व मांडू यांच्यामधील नालछा येथे दीर्घकाळ राहिले. ते मुनी नव्हते. आपल्यासारखेच गृहस्थ होते. गृहस्थाच्या आचारधर्मावर त्यांनी ‘सागारधर्मामृत’ लिहिले आणि त्यावर स्वतःच टीका रचून ती विक्रम संवत् १२९६ मध्ये, म्हणजे इसवी सन १२३९ च्या सुमारास, पूर्ण केली.

द्यूताने धर्मराज युधिष्ठिराची काय गत झाली, हा दाखला आशाधरांनीही दिला आहे. परंतु त्यांचे वैशिष्ट्य पुढे आहे. द्यूताचा त्याग केलेल्या गृहस्थाने पैसा न लावता, निव्वळ मन रमविण्यासाठी पैज मारली, तरीही तो दोष होय, असे ते म्हणतात. आणि त्याचे कारण देतात ते असे की, त्यातून हर्ष आणि अमर्ष, म्हणजे जिंकल्याचा उन्माद व हरल्याची चीड, उत्पन्न होतात, व हे कषायच पापाचे साक्षात् कारण आहेत. पैसा गेला म्हणून द्यूत वाईट, एवढेच त्यांना सांगावयाचे नाही. मनाचा तोल जातो तेथेच हानी सुरू होते. पैसा जाणे ही पुढची पायरी.

आता राजा-राणीच्या पानांकडे पुन्हा पाहावे. आरंभीच्या दोन पानांत चित्रे दिसताच जो हर्ष होतो तो कोणत्याही हिशेबाने झालेला नसतो. अजून मेजावर एकही पान उघडलेले नसते. तीच पाने हरली म्हणजे जी चीड येते ती सत्ती-अठ्ठी हरल्यावर येत नाही. ‘इतकी चांगली पाने असून हरलो’ हा सल माणसाला पुढच्या डावात दुप्पट पैसे लावावयास लावतो. म्हणजे दिखाऊ पानांचा सापळा गणिताच्या अज्ञानातून जितका निर्माण होतो, त्याहून अधिक तो हर्ष-अमर्षाच्या या जोडीतून निर्माण होतो. आणि म्हणूनच केवळ गणित शिकल्याने त्यातून सुटका होत नाही. हिशेब ठाऊक असलेला मनुष्यही रात्री दोन वाजता, चार डाव हरल्यावर, तो हिशेब पाळीत नाही.

व्यापार आणि जुगार यांतील सीमा

‘सगळा व्यापार म्हणजे तरी काय, जुगारच की!’ असे वाक्य पेढ्यांवर थट्टेने पुष्कळदा ऐकू येते. ते थट्टेपुरतेच असावे. व्यापारात जोखीम असते हे खरे. परंतु शेतकऱ्याला दाम मिळतो, गिऱ्हाइकाला माल मिळतो आणि व्यापाऱ्याला मेहनतान्याचा नफा मिळतो. तिघेही काही घेऊन घरी जातात. पत्त्यांच्या मेजावर एकाची मिळकत ती दुसऱ्याची हानी, कवडीचाही नवा माल उत्पन्न होत नाही. शिवाय अड्डा चालविणारा, मग तो गल्लीतला असो की भ्रमणध्वनीतला, प्रत्येक डावातून आपला वाटा आधी काढून घेतो. म्हणून सर्व खेळणाऱ्यांची बेरीज केली तर ती नेहमी तोट्याचीच येते. एकटा अड्डेवालाच नित्य नफ्यात राहतो.

माळव्याने या सीमारेषेवरचा खेळ पुष्कळ पाहिला आहे. अफूची पैदास येथे मोठी, आणि अफू व कापूस यांच्या भावांवर होणारा सट्टा त्याहून मोठा. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) यांचे नाव सट्ट्याच्या बाजारात दूरवर गाजले होते. तरीही आज त्यांची आठवण निघते ती उभारलेल्या गिरण्यांमुळे आणि इंदूरच्या काचमंदिरामुळे. कोणत्या दिवशी भाव किती चढला अन् किती उतरला, हे कोणाच्या स्मरणात नाही. मुंबईत तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-मिटत्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावीत. कापसाचे एक बोंडही कोणी पाहत नसे. पुढे १९६० नंतरच्या दशकात कापूस गेला आणि आकडा तेवढा उरला. त्यालाच मटका म्हणू लागले. मालापासून सुटलेला व्यवहार शेवटी कोठे जातो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

कायद्याची दृष्टीही जाणून घेण्यासारखी आहे. इंग्रजी अमदानीतील सार्वजनिक जुगार कायदा १८६७ सालचा. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला की, जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार-उदीम मानता येणार नाही. व्यापारी म्हणवून घेणाऱ्यास हे वाक्य पेढीवर लावून ठेवण्याजोगे आहे. १९६८ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, परंतु तीन पत्तीसारखे खेळ त्यापासून वेगळे काढले. पोकरविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांची मते निरनिराळी पडली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा मंजूर केला, त्याने भ्रमणध्वनी वा संगणकावरून पैसे लावून खेळावयाच्या सर्व खेळांना मनाई केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवला नाही. हर्ष-अमर्ष दोन्हींत सारखेच, हे आशाधरांचे निदान येथे कोणाला आठवल्यास नवल नाही.

कुटुंबासाठी काही विचार

परंतु कायदा दारापर्यंत येतो. घरातील विवेक घरानेच सांभाळावा लागतो. दिवाळीची अमावास्या हा आपल्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. त्याच सुमारास आपण वहीपूजन करतो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितो. त्याच रात्री, त्याच छताखाली, हिशेबात न येणाऱ्या पैशाचे डाव रंगावेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जो पैसा वहीत लिहिण्याची लाज वाटते तो घरात येऊही नये आणि घरातून जाऊही नये, असा साधा दंडक प्रत्येक पेढीने घातला तरी पुष्कळ होईल.

मुलांना या विषयावर रागे भरण्यापेक्षा त्यांच्याशी हिशेबाच्या भाषेत बोलावे. घरातील पत्त्यांचा जुना जोड घ्यावा, तो नीट पिसावा आणि दोन-दोन पाने काढून प्रत्येक वेळी पाने परत मिसळीत शंभर वेळा नोंद करावी. पैसा नाही, पैज नाही, हार-जीत नाही, केवळ मोजदाद. दोन्ही पाने चित्राची अशी सुमारे पाच वेळा निघतील. त्यांत जोडी एखाद-दोन वेळा. एकही चित्र नाही अशा वेळा साठाच्या आसपास भरतील. कागदावर उभ्या रेघा ओढून मुलाने स्वतः मोजलेला हा आकडा शंभर उपदेशांहून त्याच्या मनात अधिक ठसेल. पुढे बाजारात कोणी झगझगीत पत्रक दाखवून दामदुपटीचे आमिष दाखविले, तर ‘याचा तळ काय?’ हा प्रश्न त्याच्या तोंडी आपोआप येईल.

आणि घरातील कोणी या फेऱ्यात अडकलेच असेल, तर त्याला एकटे पाडू नये. हरलेला मनुष्य रक्कम लपवितो, ती भरून काढण्यासाठी पुन्हा खेळतो आणि आणखी बुडतो. झालेले देणे एकदा वहीत मोकळेपणाने मांडले, की ते मर्यादित होते. लपविलेल्या देण्याला मात्र तळ नसतो. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणारा गृहस्थ मिळकतीला सीमा घालतो. तिच्याबरोबरच हानीलाही सीमा घालणे हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय, आणि त्यासाठी धाकाइतकीच मायेचीही गरज असते.

देवासला आज नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. तेथून निघणारा कागदही चित्राचाच. परंतु त्या चित्राखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सही करून दिलेले वचन असते आणि त्या वचनापाठी देशाची पत उभी असते. पत्त्यातील राजाने कोणालाही वचन दिलेले नाही. आपल्या पूर्वजांच्या हुंडीवर तर चित्रही नसे. चार ओळी आणि एक सही, आणि त्यावर दूरदूरच्या पेढ्या रोकड मोजून देत. त्या कोऱ्या दिसणाऱ्या कागदाचे बळ ज्या सचोटीत होते, ती सचोटी आपल्या सर्व सभासद बंधू-भगिनींच्या घरी अखंड नांदो, आणि येत्या वहीपूजनाला प्रत्येक वहीची शिल्लक स्वच्छ अंकांत लिहिली जावो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.